रहस्यकथांचं दुकान आणि सूर्यमाळचे टोप

तेहतीस वर्षांच्या पोलीस नोकरीत मी जमिनीवर खडूने प्रेताची आकृती कधी काढली नाही. कुणी काढताना पाहिलंही नाही. मोखाड्याच्या डोंगरात प्रेत सापडतं ते नाल्यात, विहिरीत नाहीतर करवंदीच्या जाळीत, आणि तिथे खडू चालत नाही. त्यामुळे इंग्लंडमधल्या त्या दुकानात शिरताना उंबऱ्याच्या आत फरशीवर हातपाय पसरलेला माणूस पांढऱ्या रंगात काढलेला दिसला, तेव्हा मी त्याच्यावर पाय न देता कडेकडेने आत गेलो. बायको सरळ त्याच्या छातीवरून चालत गेली.

"अहो, चित्र आहे ते," ती म्हणाली.

आमची मुलगी तिथल्या एका इस्पितळात नर्स आहे. मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, बायको त्याआधी वर्षभर शाळेतून निवृत्त झाली होती, तेव्हा मुलीने दोघांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. ती आणि जावई दोघेही ड्युटीवर गेले की आम्ही मोकळेच. पहिला आठवडा मी खिडकीतून रस्त्यावरची रहदारी बघण्यात घालवला. बायकोने मात्र जव्हारहून निघण्याआधीच मुलीला फोनवर विचारून ठेवलं होतं, की तिकडे नुसत्या रहस्यकथांची दुकानं असतात म्हणे, तुमच्या गावात आहे का?

ती साखरशेतच्या शाळेत शिकवायची आणि शनिवारी जव्हारच्या वाचनालयातून पुस्तकं बदलून आणायची. खून, गहाळ झालेले हिरे, पडक्या बंगल्यातले आवाज. मला त्या पुस्तकांचा राग नव्हता, पण उत्सुकताही नव्हती. दिवसभर ठाण्यात बसून आल्यावर घरी पुन्हा तेच कोण वाचणार? लग्न झालं तेव्हा ती मला विचारायची, आज काय झालं, कुणाला पकडलं. मी म्हणायचो, काही नाही, नेहमीचंच. पुढे तिने विचारणं सोडलं.

दुकान लहानच होतं, पण छतापर्यंत पुस्तकं, आणि सगळी गुन्ह्यांची. मला पहिल्यांदा कुतूहल वाटलं ते मांडणीचं. मी काही वर्षं ठाण्याची मुद्देमाल खोली सांभाळली आहे, त्यामुळे कुठे काय कसं ठेवलंय हे बघायची सवय आहे. इथे फळ्यांवर पाट्या होत्या. बायको एकेक वाचून मला मराठीत सांगत होती. विषाने झालेले खून. खेड्यातले खून. वकिलांच्या कथा. बर्फाळ देशांतले खून, त्याला तर पूर्ण भिंत. मग देशांप्रमाणे फळ्या. भारताची फळी अर्धीच होती. मी त्यातली पुस्तकं काढून पाहिली. कव्हरांवर राजवाडे, हत्ती आणि पिस्तूल रोखून उभा असलेला साहेब. मी नोकरीत पिस्तूल रोखलं नाही. आमच्या बीटवर एक काठी, एक मोटारसायकल आणि फायलीचा पुठ्ठा एवढ्यावर भागायचं.

"ही बंद खोलीची," बायको एका फळीपाशी थांबून म्हणाली. "खोली आतून बंद असते, नाहीतर बाहेरून कुलूप असतं, कुणी आत जाऊच शकत नाही, आणि तरी गुन्हा होतो. मला हीच सगळ्यात आवडतात."

"याची वेगळी फळी?"

"लोक हेच मागत असतील."

दुकानाची मालकीण सत्तरीची होती. आखूड पांढरे केस, चष्म्याला दोरी. ती बायकोशी सावकाश, शब्द सुटे करून बोलायची आणि बायको तिच्या शाळेतल्या इंग्रजीत उत्तरं द्यायची. दोघींचं चांगलं जमलं. बोलता बोलता बायकोने माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. त्या बाईने चष्मा लावून माझ्याकडे नीट पाहिलं, मग टेबलामागून बाहेर येऊन माझ्याशी हात मिळवला.

"काय सांगितलंस?"

"तुम्ही पोलीस होतात म्हणून. त्या म्हणतात, चाळीस वर्षं दुकान चालवते, पण खरा पोलीस क्वचित येतो. शनिवारी दुपारी इथे वाचक जमतात. तुम्हाला बोलावलंय."

मी नको म्हणालो. पण शनिवारी मुलीला सुट्टी होती, आणि दोघी एका बाजूला झाल्यावर घरात माझं काही चालत नाही.

शनिवारी सात-आठ जण जमले होते. बहुतेक निवृत्त. एक शिक्षक, एक दाढीवाला बस ड्रायव्हर, दोन बहिणी. चहा होता, बिस्किटं होती. मुलगी माझ्या शेजारी बसून भाषांतर करत होती. त्यांनी मला आधी विचारलं की पुस्तकांतलं किती खरं असतं. मी म्हणालो, मी वाचलेलीच नाहीत. ते हसले. मग एका बहिणीने विचारलं, तुमच्या नोकरीत कधी बंद खोलीचा प्रकार आला होता का?

मी नाही म्हणणार होतो. तेवढ्यात मला सूर्यमाळ आठवलं.

"एक होता," मी म्हणालो. "पण खून नव्हता. भांडी होती."

मुलीने ते इंग्रजीत सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिलाही हे माहीत नव्हतं.

मी सांगायला सुरुवात केली. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. सूर्यमाळ उंचावर आहे, चहूकडे जंगल आणि पांगलेले पाडे. पावसाळ्यात तिथे ढग घरात येतात आणि एप्रिल-मेमध्ये प्यायला पाणी नसतं. टँकर येतो, तो विहिरीत पाणी सोडतो आणि बायका ते शेंदून नेतात. त्या वर्षी तीन दिवसांआड टँकर होता. तिथल्या एका पाड्यावर दोन खोल्यांची शाळा. एका खोलीच्या कोपऱ्यात पोरांची खिचडी शिजवायचे दोन मोठे टोप, झाकणं आणि पाण्याचे दोन पिंप. मे महिन्यात मास्तरांच्या बदल्या झाल्या. जुने मास्तर दूर रत्नागिरीकडे गेले. नवे मास्तर ताबा घ्यायला आले, कुलूप उघडलं, रजिस्टर काढून सामान ताडून पाहिलं, तर टोप नाहीत, झाकणं नाहीत, पिंप नाहीत. बाकी सगळं जिथल्या तिथे. ते तक्रारीचा अर्ज घेऊन मोखाड्याला आले आणि अर्ज माझ्याकडे चौकशीला आला.

"मी जाऊन पाहिलं. कुलूप तोडलेलं नाही. कडी-कोयंडा जागेवर. खिडकीला गज, त्यातून टोप जाणार नाही. कौलं एकेक तपासली, वर्षाची धूळ तशीच होती. किल्ली एकच, ती सुट्टीत तालुक्याच्या कार्यालयात कपाटात ठेवलेली."

दाढीवाला ड्रायव्हर पुढे सरकून बसला. मालकिणीने दाराला पाटी लावून दुकान अर्धा तास बंद केलं. मला गंमत वाटत होती. मोखाड्याला हा अर्ज साहेबांना दाखवला तेव्हा त्यांनी नुसतं तोंडावर हात ठेवून जांभई दिली होती.

मग त्यांचे अंदाज सुरू झाले. एकाने म्हटलं, किल्लीचा साबणावर ठसा घेतला असेल. शिक्षकाचं म्हणणं, दाराच्या बिजागऱ्या काढून पुन्हा बसवल्या. मी सांगितलं, बिजागऱ्यांचे स्क्रू गंजलेले होते, हात लावलेला दिसत नव्हता. दोन बहिणींतली मोठी म्हणाली, नवे मास्तरच चोर, ते कुलूप उघडून आत गेले तेव्हा एकटेच होते ना? हे मला आवडलं. पण मास्तर एसटीने आले होते. टोप एसटीत घालून नेले असते तर कंडक्टरने सगळ्या तालुक्याला सांगितलं असतं.

बायको तोपर्यंत गप्प होती. मांडीवर पर्स, त्यावर दोन्ही हात. मग ती मराठीतच म्हणाली, "चोरी झालीच नाही. कुलूप लावायच्या आधीच टोप बाहेर होते."

मुलीने भाषांतर करायचं सोडून विचारलं, "म्हणजे?"

"सुट्टी लागताना मास्तरांनीच बायकांना दिले असणार. टँकरचं पाणी तीन दिवस साठवायचं कशात? हंडे-कळशा पुरतात का? शाळेत मोठी भांडी नुसती पालथी पडलेली. आम्ही देतोच. जूनला शाळा उघडताना घासून परत आणतात. लिहून कोण ठेवतं? मीही द्यायचे, साखरशेतला, दरवर्षी."

मी तिच्याकडे बघत राहिलो.

"तू द्यायचीस?"

"मग काय. तुम्हाला कशाला सांगायचं? तुम्ही पोलीस."

मुलगी हसायला लागली. बाकीचे आमच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून तिने सगळं सांगितलं. मालकिणीने मला विचारलं, तुमच्या पत्नी बरोबर आहेत का? मी म्हणालो, पूर्ण बरोबर. मी दुसऱ्यांदा पाड्यावर गेलो तेव्हा नेमका टँकर आलेला होता. विहिरीपासून हंड्यांची रांग, आणि त्या रांगेत ते दोन टोप आणि दोन पिंप. शाळेचं नाव ऑइल पेंटने पोटावर लिहिलेलं. कुणी लपवलेलं नव्हतं. एका बाईने मला उलट सांगितलं, साहेब, गाडी जरा पुढे लावा, टोपाला धक्का लागंल.

ड्रायव्हरने विचारलं, मग चोर कोण? मी सांगितलं, कुणीच नाही. गुन्हा दाखलच झाला नाही. रत्नागिरीच्या मास्तरांना फोन लागला तेव्हा ते म्हणाले, अरे हो, मीच दिले, सांगायचं राहिलं. नव्या मास्तरांनी भांडी मिळाली असं लिहून दिलं, अर्ज निकाली निघाला. ड्रायव्हर थोडा नाराज दिसला. बहिणींनी बायकोला त्यांच्यामध्ये बसवून घेतलं आणि पुढचा तासभर माझ्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही.

परत येताना बसच्या वरच्या मजल्यावर आम्हाला पुढची जागा मिळाली. मुलगी मागे फोनवर बोलत होती. बायको म्हणाली, "तुम्ही तिथे एक सांगितलं नाहीत."

"काय?"

"दोन वेळा गेलात म्हणालात. पहिल्यांदा कुलूप बघितलं, दुसऱ्यांदा टोप दिसले. मध्ये काय केलंत? मध्ये कुणावर तरी संशय घेतला असेल ना?"

हे मला तेहतीस वर्षांत कुठल्या वरिष्ठाने विचारलं नव्हतं. मी तिला सांगितलं. शाळेत खिचडी करणारी जी बाई होती तिच्या नवऱ्यावर. शाळा चालू असताना किल्ली त्यांच्या घरी असायची आणि तो भिवंडीकडच्या वीटभट्टीवरून नुकताच परत आला होता. एवढं मला पुरलं. मी त्याला मोखाड्याला बोलावून घेतलं आणि सकाळपासून चार वाजेपर्यंत ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलं.

"मारलंत?"

"नाही. हात लावला नाही. नुसतं विचारत होतो. टोप कुणी चोरले? तो म्हणायचा, मना नाय ठाव, साहेब. तासाभराने पुन्हा, टोप कुणी चोरले? मना नाय ठाव."

"आणि टोप विहिरीवर आहेत हे त्याला माहीत होतं?"

"सगळ्या पाड्याला माहीत होतं. पण ते चोरलेले नव्हते ना. त्याला वाटलं मी दुसऱ्या कुठल्या तरी टोपांबद्दल विचारतोय. टोप कुठे आहेत, असं विचारलं असतं तर पहिल्या मिनिटाला सांगितलं असतं."

मीच पुढे म्हणालो की त्याची बोली घरची, माझी चौकशीची मराठी त्याला परकी. बायको म्हणाली, "तुमच्या आईचीही बोली तीच होती." ते खरं होतं. मी ठाण्यात ती बोलत नसे.

त्यानंतर मला त्या पुस्तकांबद्दल खरोखरच कुतूहल वाटायला लागलं. बायको दुपारी मुलीच्या स्वयंपाकघरात बसून मला एकेक प्रकरण मराठीत सांगायची आणि मी कांदा चिरत ऐकायचो. मला खुनी ओळखता यायचा नाही. पण पुस्तकातला पोलीस प्रश्न कसा विचारतो इकडे माझं लक्ष असायचं. काही जण छान विचारायचे. काही माझ्यासारखे, आधीच उत्तर ठरवून.

सुट्टीच्या एका दिवशी जावयाने आम्हाला आगगाडीने दुसऱ्या शहरात नेलं. तिथेही असं एक दुकान होतं, पायऱ्या उतरून तळघरात. इथे मालक पुरुष होता, उंच, थोडा वाकलेला, स्वेटरच्या कोपराला ठिगळ. या वेळी मी स्वतः जाऊन विचारलं. म्हणजे जावयाला विचारायला लावलं.

"यांना असं पुस्तक हवंय," जावई म्हणाला, "ज्यात पोलीस चौकशी करतो आणि शेवटी कळतं की गुन्हा झालेलाच नव्हता. आणि ज्याच्यावर संशय होता त्याचं पुढे काय झालं तेही हवं."

त्या माणसाने आमचं मागणं हसण्यावारी नेलं नाही. तो शिडीवर चढला, दोन पुस्तकं काढली, चाळली, परत ठेवली. आतल्या खोलीत जाऊन आला. वीसेक मिनिटं तरी शोधत होता. बायको तेवढ्यात बंद खोलीच्या फळीपाशी जाऊन बसली होती. शेवटी तो हात झाडत आला.

"पहिलं मिळेल," तो म्हणाला. "गुन्हाच झाला नाही अशी दोन-तीन आहेत. पण संशयिताचं पुढे काय झालं, ते त्यात नाही. तो निर्दोष ठरला की लेखक त्याला सोडून देतात. मी याचा कधी विचार केला नव्हता."

मग त्याने मला विचारलं, तुम्हाला हे का हवंय? मी जावयाला म्हटलं, सांग, सहजच. पण तो माणूस माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिला आणि त्याने वहीत काहीतरी टिपून ठेवलं. काय टिपलं ते मी विचारलं नाही.

आम्ही जव्हारला परतलो तेव्हा भाताची कापणी सुरू झाली होती. सामान लागायला आठवडा गेला. एका सकाळी बायकोने विचारलं, "सूर्यमाळला कधी जायचं?" मी तिला जायचं आहे असं म्हणालो नव्हतो. आम्ही एसटीने मोखाड्याला आणि तिथून जीपने वर गेलो.

पाड्यावर मला दोन-तीन जणांनी ओळखलं. ज्याला मी ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलं होतं तो माणूस खळ्यावर नाचणी झोडत होता. केस पिकले होते, अंगाने तसाच काटक. मला पाहून त्याने काठी खाली ठेवली. त्याच्या बायकोने घोंगडी अंथरली. इकडचं तिकडचं झालं, पीक, पाऊस, मास्तर कोण आहेत सध्या. मग मी मुद्द्यावर आलो. या वेळी मी आईच्या बोलीत बोललो. बरीच मोडकी झाली होती ती.

"तुला आठवतं, मी तुला ठाण्यात बसवला होता? टोपांसाठी?"

"आठवतं ना, साहेब. तो टँकरचा दिस होता."

तो सांगत राहिला, तक्रार केल्यासारखा नाही, जसं झालं तसं. त्याची बायको तेव्हा थोरल्या पोरीला घेऊन दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, घरी म्हातारा बाप. टँकर त्या दिवशी येणार हे माहीत होतं, पण शिपाई बोलवायला आला म्हणून तो खाली आला. परत वर पोचला तेव्हा विहिरीत चिखल राहिला होता. शेजारणीने एक हंडा दिला, पण तिच्याही घरी सहा माणसं. मग तीन दिवस तो पहाटे उठून खालच्या ओहळाला जायचा, दोन तास जायला, दोन तास यायला, बापासाठी पाणी आणायला.

"तेव्हा का नाही सांगितलंस मला, टँकर आहे म्हणून?"

"तुम्ही टोपाचं विचारत होते. पाण्याचं नाय विचारलं."

बायको त्याच्या बायकोशेजारी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, खळ्यावरच्या नाचणीकडे बघत राहिली. मी त्याला म्हणालो, माझं चुकलं. नोकरीत असताना हे वाक्य मी बोललो असेन असं मला आठवत नाही. त्याने मान हलवली, हो म्हणून की असू दे म्हणून ते मला कळलं नाही आणि मी पुन्हा विचारलंही नाही. त्याने काठी हातात घेतली, परत ठेवली.

मग तो म्हणाला, "साहेब, एक विचारायचं होतं. पोरगी पोलीस भरतीचा फॉर्म भरतेय. त्याला काय काय कागद लागतात? आणि उंचीचं कसं असतं?"

त्याने हाक मारली. मुलगी घरातून बाहेर आली. बारावी झालेली, पायात पळायचे बूट, त्यांना लाल माती लागलेली. रोज सकाळी घाटाच्या रस्त्यावर पळते म्हणाली. वेळ किती लागतो विचारलं तर तिने सेकंदापर्यंत सांगितला. बायकोने तिला दाराच्या चौकटीला पाठ टेकवून उभं केलं आणि शाळेत मुलांची उंची घ्यायची तशी डोक्यावर पट्टी ठेवून खडूऐवजी कोळशाने खूण केली. मोजायला टेप नव्हती, मग शेजारच्या सुताराकडून आणवली. उंची भरत होती, बोटभर जास्तच.

मी कागदपत्रं सांगायला लागलो. जातीचा दाखला, पडताळणी, रहिवासाचा दाखला, बारावीची गुणपत्रिका. आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात कुठल्या खिडकीवर जायचं तेही सांगितलं. ती वहीत लिहून घेत होती आणि मध्येच थांबवून विचारत होती, हे आधी काढायचं की ते? हा दाखला किती दिवस चालतो? चुलीवर भात शिजत होता. आम्हाला जेवल्याशिवाय सोडणार नव्हते, आणि शेवटची जीप निघायला अजून दोन तास होते.